आईच्या हातातलं नाव

हाताच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना पूर्वी लोक एक्स-रे आणि जुने कागद घेऊन जात. मिरजेत आता सराव करून जावं लागे. काय काय करून दाखवायचं ते घरी घोटवायचं आणि मग त्या पांढऱ्या खोलीत शिरायचं. कारण तिथं जे केलं, तेवढंच पुढे हाताला येणार. तासगावकडच्या एका आजोबांनी तंबाखू मळण्याचा असा झकास सराव केला, की सही करून दाखवायची राहूनच गेली. आता ते तंबाखू फर्मास मळतात आणि बँकेत अंगठा उठवतात. लोक हा किस्सा हसून सांगत, पण स्वतःची वेळ आली की हसू पळून जाई.

शर्वरी आवटीचं तर केव्हाच पळालं होतं. तिच्या आईला, कुमुदिनीला, जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती आयुष्यभर हातांनी बोलली होती, कर्णबधिर शाळेत पोरांना हातांनीच शिकवत आली होती. नससुकी म्हणजे मनगटापुढच्या नसा वाळत जाण्याचा रोग. त्यानं तिचा डावा हात आधीच निकामी केला होता आणि आता तो उजव्यात उतरला होता. उजवा गेला की आईचं बोलणंच जाणार होतं.

भेटीआधी डॉ. तेजस्विनी कुपवाडे यांनी फोनवर सगळं समजावलं.

"प्रयोगशाळेत वाढवलेली कोवळी नस आम्ही हातात लावतो. तिला नसरोप म्हणतो. पण या रोपाला कुठं वळायचं ते कळत नाही. वेल कशी, मांडव असेल तशी चढते. आईंचा हात हलतोय तोवर त्याच्या हालचालींतले विजेचे संकेत आम्ही टिपून घेतो. तो ठसा म्हणजे आमचा मांडव."

"आणि ठशात नसेल ते?"

"ते नव्या हाताला येत नाही. मागाहून शिकवूनही नाही."

"मग चुकलं तर ठसा पुन्हा घ्यायचा ना, मॅडम?"

"तेच तर जमत नाही हो. ठसा देताना जुन्या नसांतला उरलासुरला जोर संपतो. एकदाच काय ते. आणि दुसऱ्यानं हात धरून करवलेलं चालत नाही, त्यांनी आपल्या मनानं केलं पाहिजे."

त्या दिवसापासून मायलेकी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सरावाला बसू लागल्या. पाणी, दुखतंय, पुरे, लवकर ये. मग नावं. हातांनी बोलणारी माणसं नाव अक्षर अक्षर जुळवत बसत नाहीत. एखाद्या सवयीवरून, ठेवणीवरून प्रत्येकाची खूण ठरवतात. ते त्याचं खूणनाव. शर्वरीचं म्हणजे हनुवटीच्या खळीवर टेकवलेलं बोट. तिच्या भावाचं, कौस्तुभचं, म्हणजे कानाची पाळी चिमटीत धरून हलकेच ओढणं. लहानपणी आईच्या कानाची पाळी हातात असल्याशिवाय तो झोपत नसे. तीन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून तो गेला.

आई मावशीचं नाव घेई, शेजारणीचं घेई, अगदी दूधवाल्याचंही. कौस्तुभचं घेत नसे. आधी शर्वरीला वाटलं, विसरत असेल.

"आई, दादा राहिला," ती हातांनी म्हणाली.

"राहिला नाही. मी मुद्दाम ठेवलाय," आईचा अशक्त हात म्हणाला.

"दूधवाल्याचं नाव हवं, आणि दादाचं नको?"

"दूधवाला रोज येतो."

मग आईनंच सांगितलं. "झोपेत हा हात त्याला हाक मारतो. बोटं कानाला लागली की मी जागी होते, आणि तो पुन्हा जातो. रोज जातो. मला आता झोप हवी गं."

शर्वरीला आईची दया आली आणि त्याहून जास्त राग आला. घरात सगळे हातांनीच बोलत; कौस्तुभला तोंडानं हाक कुणी मारतच नसे. ती चिमूट हेच त्याचं नाव होतं. आईच्या हातातून ते गेलं तर दादा आणखी एकदा मरेल, आणि या खेपेला आपल्या संमतीनं, असं तिला वाटत होतं. पण ते नाव ठशात येऊ देणार नाही, असं वचन आईनं मागितलं आणि रडत रडत तिनं दिलं.

भेटीच्या दिवशी आईच्या मनगटाला तारांचा पट्टा बांधला गेला. समोरच्या पडद्यावर हिरवी रेघ थरथरू लागली. आईनं घास उचलला, बटण लावलं, सही केली. मग शब्द, मग नावं. हात थकत चालला होता. रेघ बारीक होत होती.

"अजून काही?" डॉक्टरांनी विचारलं. "जोर संपत आलाय."

आईनं मान हलवली. झालं. शर्वरीनं डॉक्टरांना 'झालं' एवढंच सांगायचं होतं. तिचे हात उठले आणि त्यांनी भलतंच विचारलं.

"आई, शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी आंबा झाले होते आणि ऐनवेळी घाबरून बसले. मग माझ्याऐवजी स्टेजवर कोण चढलं होतं?"

आईला खुदकन हसू आलं आणि विचार करायच्या आत तिची बोटं कानाच्या पाळीला लागली. पडद्यावरची रेघ ताडकन वर गेली. आईच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच विझलं.

"वा!" डॉक्टर खूश झाल्या. "सगळ्यात जोरकस संकेत हाच. काय म्हणाल्या त्या?"

"माझ्या भावाचं नाव."

"छान. मग हीच त्यांची मूळखूण. सगळ्यात ठळक हालचाल नवी नस आधी धरते आणि तिच्याच आधारानं बाकीचा हात वाढतो. बहुतेकांची घास उचलण्याची असते, म्हणून आम्ही आधी सांगून त्याचा बाऊ करत नाही. हात रिकामा असला, माणूस झोपलेला असला, की ती आपोआप चालू राहते."

"किती दिवस?"

"दिवस कसले? हात आहे तोवर. ती थांबवली तर सगळा हात सुकेल."

"पुसता नाही येणार?" शर्वरीनं विचारलं.

"पुसायची तर सगळंच पुसावं लागेल. आणि आता दुसरा ठसा कुठून आणणार?"

आईनं भुवया उंचावल्या. काय म्हणतात त्या? शर्वरी लहानपणापासून आईची दुभाषी. तिनं एखादा शब्द गाळला तरी आईला चेहऱ्यावरून कळायचं. म्हणून तिनं सगळं सांगितलं, शेवटच्या वाक्यापर्यंत.

आईनं आपला थकलेला उजवा हात मांडीखाली सरकवला आणि त्याच्यावर सगळा भार देऊन बसली.