चित्रात दिसतं तेवढंच

तिच्या सायकलची चेन उतरली ती नेमकी सायकलवाल्याच्या दारात, म्हणून तर ही गोष्ट घडली. नाहीतर त्या रस्त्यानं ती रोज भुर्रकन निघून जायची आणि दुकानाकडे ढुंकूनही बघायची नाही.

आत रबराचा आणि तेलाचा वास होता, छताला चाकं टांगलेली. दुकानदार तिच्याच वयाचा, कानामागे पेन्सिल खोचलेला. त्यानं तिची हिरवी सायकल उलटी केली. ती काउंटरवरच्या संगणकाकडे सहज बघायला गेली आणि उडालीच.

"हे... हे कुणी केलं?"

"मीच," तो ऐटीत म्हणाला. "माझा ब्लॉग आहे. दुकानात येणाऱ्या जुन्या सायकलींबद्दल लिहितो. परवाच नवं डिझाइन चढवलं. टेम्प्लेट फुकट मिळालं."

"फुकट मीच दिलंय ते!"

ब्लॉगसाठी टेम्प्लेटं, म्हणजे पानांचे तयार साचे, बनवणं हाच तिचा उद्योग, आणि हे तर तिचं लाडकं टेम्प्लेट. त्याचा या पठ्ठ्यानं पार विचका करून टाकला होता. शीर्षकं चित्रांच्या डोक्यावर बसली होती आणि पांढऱ्या पानावर अक्षरं पिवळी!

"आणि तळाला माझं नाव होतं, ते कुठं गेलं?"

"ते होय..." त्यानं डोकं खाजवलं. "जागा अडवत होतं हो."

ती भांडायच्या बेतात होती. पण त्याचा चेहरा इतका ओशाळला, की तिला हसूच फुटलं.

"हीच का रे ती टेम्प्लेटवाली?" आतल्या खोलीतून आवाज आला. पाठोपाठ त्याची मावशी दाराची चौकट चाचपत बाहेर आली. दुकान मूळ तिचं, पोरालाही तिनंच वाढवलेलं. डोळे गेल्यापासून फोन तिला सगळं वाचून दाखवायचा, आणि भाच्याचा ब्लॉग ही तिची रोजची करमणूक होती. "ऐक बाई, तुझ्या टेम्प्लेटनं काय केलंय ते."

फोन घाईघाईनं बडबडला, "लिंक, लिंक, लिंक, चित्र, लिंक, चित्र, चित्र..."

"पोरानं हौसेनं लिहायचं आणि मी हे ऐकायचं! सोडून दिलं मी ऐकणं."

 सायकलवाला नुसता पाना पुसत राहिला. त्याला ते किती लागलं होतं, हे तिला तिथंच कळलं.

आणि या दोषाचं खापर त्याच्यावर फोडता येत नव्हतं. तिनं ते टेम्प्लेट जुन्या पद्धतीनं, नुसत्या चौकटी रचून केलं होतं. डोळ्यांना ते देखणं दिसायचं, पण शीर्षक कुठलं, लेख कुठला, बाजूची भर कुठली, हे फोनला कळायला मार्गच नव्हता. वेबपानांचे नवे नियम नेमके यासाठीच आले होते, प्रत्येक भागाला त्याचं नाव द्या म्हणून. तिनं ते वाचले होते आणि 'करू सावकाश' म्हणून बाजूला ठेवले होते.

"मी नवं करून देते," ती म्हणाली.

मग ती रोज संध्याकाळी येऊ लागली. नव्या टेम्प्लेटमध्ये तिनं एक अट घातली. प्रत्येक चित्राखालच्या चौकटीत त्याचं वर्णन लिहायचं. ते पानावर दिसणार नाही, फक्त ऐकू येईल. आणि ते लिहिल्याशिवाय पोस्ट पुढे सरकणारच नाही.

"लिहिलं," तो म्हणाला. "'सायकल'."

"एवढंच? मावशींना काय कळणार?"

"बरं... 'सुंदर सायकल'."

"सुंदर हे तुमच्या मनातलं झालं. मनातलं लिहायचं नाही. चित्रात दिसतं तेवढंच."

"टेम्प्लेटबाई, फार कडक हो तुम्ही!"

"आणि तुम्ही कामचुकार. माझी घंटी अजून सैलच आहे."

"आज घंटी, उद्या ब्रेक बघतो..."

दोन वायरी आवळायच्या तर दुकानदाराला इतके दिवस का लागतात, हे तिनं विचारलं नाही. कारण तिच्या टेम्प्लेटमध्येही रोज काहीतरी 'राहून' जात होतं. अहो-जाहो कधी गळून पडलं, तेही दोघांच्या लक्षात आलं नाही.

पण काम कितीही लांबवलं तरी संपतंच. त्या संध्याकाळी सायकल तयार होती आणि टेम्प्लेटही. उद्या इथं कुठल्या निमित्तानं यायचं? तिला यायचं होतं. उद्या, परवा, रोज.

"पहिली पोस्ट टाकलीय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तुझ्याच सायकलीवर, मघाशी काढलेल्या फोटोसकट. तळाला तुझं नावही आहे, ठळक."

मावशीनं फोन कानाशी न धरता मोठ्यानंच लावला. तिला सवयीचा तो भरधाव वेग... बाकी कुणाला एक अक्षर कळेना. मावशी मात्र मान डोलवत होती. मध्येच ती थबकली आणि खो खो हसत सुटली.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"हळू लावू का?"

"मावशी, नको!" सायकलवाला ओरडला. "ते फक्त तुझ्यासाठी... आधी तुला विचारावं म्हणून..." कानापर्यंत लाल झाला होता बिचारा.

मावशीनं वेग कमी केला. फोन संथ, कोऱ्या आवाजात वाचू लागला.

"चित्र. हिरवी सायकल. शेजारी ती उभी आहे. तिच्या गालाला ग्रीस लागलंय. तिला कुणी सांगितलेलं नाही. ती हसतेय. माझ्याकडे बघून हसतेय, असं मला वाटतं."

 तिचा हात नकळत गालावर गेला. 

"वर्णन चुकलंय," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "काढून टाकतो..."

"सगळं नाही. फक्त 'असं मला वाटतं' तेवढं काढ." तिनं नजर वळवली नाही. "मनातलं लिहायचं नाही, ठरलंय ना? चित्रात दिसतं तेवढंच."

 मग त्याची ट्यूब पेटली. ग्रीसच्या बोटांनीच त्यानं ते शब्द खोडले, आणि मावशीनं पुन्हा फोन लावला.

"...ती हसतेय. माझ्याकडे बघून हसतेय."

"अजून हसतेय का रे?" मावशीनं विचारलं.

"हो मावशी," तो म्हणाला. "अजून."