माक्वातोची माघार

माक्वातोला मरण यायला हवं होतं ते मिसिसिपीच्या पूर्व तीरावर, असिनीसिपी नदी तिला मिळते तिथल्या जुन्या गावाच्या टेकडीवर. तिथे त्याची आई पुरलेली होती, आजे-पणजे होते, साऊक जमातीच्या कितीतरी पिढ्या होत्या. त्या गावातून साऊकांना हाकललं, तेव्हा जे मोजके सरदार गोऱ्यांवर हत्यार घेऊन उठले, त्यांतला तो एक. लढाई ते हरले. पळताना, नदी ओलांडताना, बायकापोरांसकट शेकडो माणसं गेली. उरलेल्यांना पश्चिम तीरावर बसवताना गोऱ्यांनी बजावलं होतं, की पुन्हा पलीकडे पाय टाकलात तर सैन्य येईल. आता हा तीरही सुटणार होता. उन्हाळ्यात सगळ्यांनी आणखी पश्चिमेला, जिथे झाड म्हणून दिसत नाही अशा गवताच्या मुलखात निघायचं ठरलं होतं.

आणि माक्वातोच्या छातीत पाणी झालं होतं. पाय तर कधीचेच निकामी झाले होते. ज्याच्या एका हाकेवर जंगलातून दोनशे माणूस उठायचा, त्याला आता लेक उचलून बाहेर उन्हात बसवायची.

लेकीचं नाव वापानोक्वे, हाक मारायची ती वापानो. तिने वडिलांची इच्छा पंचांपुढे ठेवली. पंचांनी साफ नाही म्हटलं. एका म्हाताऱ्याच्या हौसेपायी सगळ्या जमातीवर बंदुका ओढवून घ्यायच्या का, असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही खोटं नव्हतं. तरण्याबांड पोरांची भाषा वेगळीच होती. त्यांचा म्होरक्या शेवाता उघड सांगत फिरायचा, माक्वातो त्या टेकडीवर जाऊन निजला, की आम्हीही त्याच्या पाठोपाठ जाणार. पश्चिमेला जायचं त्यांनी जावं.

वापानोला ना पंचांशी देणंघेणं होतं, ना शेवाताशी. बाप हट्टी होता आणि मरत होता, एवढंच तिला दिसत होतं. साखरेसाठी मेपलच्या झाडांचा रस आटवायचे दिवस आले, सगळी वस्ती झाडांकडे पांगली, तशी तिने डोणी काढली. सोबत यायला एकच माणूस तयार झाला. तो म्हणजे तिचा मामा केतासो. आणि तोच यावा याचं तिला नवल वाटलं. कारण पळताना नदीत वाहून गेलेल्यांत माक्वातोची बायको होती, म्हणजे केतासोची सख्खी बहीण. केतासोचा एकुलता एक मुलगाही होता.

“मामा, तुम्ही कशाला?” तिने विचारलं.

“दाजींना मातीत घालायचं आहे ना? मग मी नको? इतकी वर्षं वाट बघतोय,” केतासो म्हणाला आणि भाजलेल्या मक्याच्या पिठाची थैली त्याने डोणीत टाकली.

मेहुण्या-मेहुण्यांची थट्टा साऊकांत चालतेच. माक्वातो खोकत खोकत हसला.

आयोवा नदीतून ते सहज खाली आले. किनाऱ्याच्या विलोच्या झुडपांना लालसर कोंब फुटले होते, बदकांचे थवे उत्तरेकडे चालले होते, आणि पाण्यावर सकाळचं धुकं असं बसलेलं असायचं, की वल्ह्याचं टोकही दिसू नये. माक्वातो अस्वलाच्या कातड्यात गुंडाळून डोणीच्या मध्यावर पडलेला. मधूनच तो एखाद्या वळणाचं नाव सांगायचा. केतासो मुद्दाम म्हणायचा, नाही दाजी, ते मागेच गेलं, तुम्ही घोरत होतात. एकदा बुडालेल्या झाडांच्या गुंत्यातून डोणी ओढून काढताना दोघांचे हात सोलवटले, पण त्याचं काही वाटलं नाही.

मिसिसिपी समोर आली, तेव्हा मात्र वापानोने वल्हं थांबवलं. वरच्या अंगाचा बर्फ फुटला होता. घराएवढ्या लाद्या एकमेकींवर आदळत, करकरत खाली येत होत्या. केतासो म्हणाला, चार-दोन दिवस थांबू. माक्वातो म्हणाला, माझ्याकडे चार-दोन दिवस नाहीत.

ते पाण्यात घुसले. निम्म्या पात्रापर्यंत वल्ही नीट चालली. मग एक लांबच लांब लादी आडवी फिरली. तिच्या उजव्या टोकाशी मोकळं पाणी होतं. वापानोला ते स्वच्छ दिसत होतं.

“डावीकडे!” माक्वातो ओरडला. आवाज तोच, जुना, रणातला.

तिच्या हातांनी विचार केलाच नाही. डोणी डावीकडे वळली. तिकडून दुसरी लादी आली! दोन्हींच्या मध्ये लाकूड कडाडलं. पाणी आत उसळलं. केतासो बाहेर फेकला गेला! वापानोने वल्हं पुढे केलं, ते त्याच्या हाताला लागलं, निसटलं, पुन्हा लागलं. माक्वातोचा हात तेवढ्याच अंतरावर होता. तो लांबवून त्याने मेहुण्याचा सदरा धरला. पण बोटांत जोरच नव्हता. कापड त्याच्या मुठीतून सरकत गेलं, आणि तो नुसता बघत राहिला. शेवटी वापानोने केतासोला केसांना धरून वर ओढलं. फुटकी डोणी प्रवाहाने पूर्व तीरालगतच्या एका बेटावर नेऊन आपटली.

खाण्याची थैली गेली होती. चकमकीची पिशवी तेवढी केतासोच्या गळ्यात होती. शेकोटी पेटली.

“तेव्हाही तुम्ही असंच ओरडला होतात,” केतासो म्हणाला. थट्टा नव्हती. “नदीत उतरा म्हणून. वरच्या अंगाला उथळ होतं, ते मला दिसत होतं. सगळ्यांना दिसत होतं.”

माक्वातो जाळाकडे बघत होता. “मलाही दिसत होतं,” तो म्हणाला. “तिथे बंदुका असतील असं वाटलं. नव्हत्या.”

केतासो उठला आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. वापानोला कुणाकडे जावं कळेना. तिने एल्मच्या झाडाची साल काढायला घेतली, कारण डोणीचं भोक बुजवायला साल लागणार होती आणि हातांना काहीतरी काम हवं होतं.

डोणी सांधायला वेळ लागला. पोटात कंदमुळं आणि शिंपल्यांपलीकडे काही नव्हतं. एका दुपारी वर्षातली पहिली आगबोट धूर ओकत गेली. वरच्या कठड्याला टेकलेल्या गोऱ्या बाईने हात हलवला. तिघं झुडपात लपली होती. ती कुणाकडे बघून हात हलवत होती, कोण जाणे. माक्वातोचा ताप चढत होता. समोर, अरुंद पाण्यापलीकडे, ती टेकडी दिसत होती.

“मी आधी बघून येते,” वापानो म्हणाली.

ती कमरेएवढ्या गार पाण्यातून पलीकडे गेली. लहानपणी ज्या वाटेने ती पाणी भरायची, ती वाट सापडली नाही. टेकडीवर लाकडाचं घर होतं, कुंपण होतं, आणि कुंपणाच्या आत काळी, ओली, ताजी नांगरलेली जमीन. कबरींचे खांब एकही नव्हते. कोपऱ्यात शेतातून वेचलेल्या दगडांचा ढीग होता. ती जवळ गेली. दगडांबरोबर हाडंही होती. मोठी होती, लहानग्यांची होती. एका मनगटाच्या हाडाला तांब्याचं कडं अजून अडकलेलं होतं.

घरातून एक माणूस बाहेर आला. हातात बंदूक नव्हती, बादली होती. त्याने तिला पाहिलं. तिने त्याला पाहिलं. त्याने बादली खाली ठेवली आणि “निघ इथून” अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं, रागावून नव्हे, भटक्या कुत्र्याला म्हणावं तसं. वापानोकडे सुरी होती. सुरीचं करायचं काय, ते तिला समजेना. ती वळली आणि चालू लागली.

तिने बापाला सगळं सांगितलं. खोटं सांगायचं ठरवून आली होती, पण त्याच्या समोर बसल्यावर जमलं नाही.

माक्वातोने एकच विचारलं, “माझ्या आईची जागा?”

“नांगराखाली.”

त्याने टेकडीकडून मान फिरवली. मग तो म्हणाला, “मला परत ने.”

केतासो चमकून जवळ आला. “दाजी, उभ्या जन्मात माघार घेतली नाहीत तुम्ही.”

“घ्यायला हवी होती,” माक्वातो म्हणाला. “आणि ऐका दोघं. ती हाडं तुम्ही पाहिली नाहीत. शेवाताला कळलं तर तो उद्याच पोरं घेऊन इथे येईल. केतासो, तुझा मुलगा जसा माझ्यामागे आला होता, तशी ती येतील.”

केतासोने मान डोलावली. त्याने खाली वाकून माक्वातोला पाठीवर घेतलं आणि डोणीत नेऊन ठेवलं.

परतताना बर्फ विरळ झाला होता. सांध्यातून पाणी मात्र सारखं झिरपत होतं. केतासो ओंजळीने उपसत राहिला. मध्यावर एक लादी आडवी आली, तेव्हा वापानोची नजर सवयीने बापाकडे गेली. त्याने डोळे मिटून घेतले. तिने डोणी उजवीकडे वळवली. लादी हातभर अंतरावरून सरकून गेली!

ते मेपलच्या झाडांत पोचले, तेव्हा कढया उकळत होत्या. पंचांना कळलं होतं, ते रागावलेले होते. पण मरणाऱ्याला काय बोलायचं म्हणून गप्प राहिले. शेवाता मात्र पोरांना घेऊन आला आणि समोर गुडघे टेकून बसला. टेकडी पाहिलीत ना, आपली माणसं तिथेच आहेत ना, एवढं फक्त सांगा, असं म्हणाला.

“तिथे काही नाही,” माक्वातो म्हणाला. “गवत आहे. तू पंचांबरोबर पश्चिमेला जा.”

“आणि तुम्ही? तुम्ही अर्ध्यातून का परत आलात?”

“मला भीती वाटली.”

पोरं एकमेकांकडे बघू लागली. शेवाता सावकाश उभा राहिला. त्याचा चेहरा आतून कुणी काहीतरी काढून घेतल्यासारखा दिसत होता. म्हातारा भ्याला, असं तो जाता जाता म्हणाला, हळू नव्हे, चारचौघांना ऐकू जाईल असं. कुणीतरी हसलं.

वापानो ताडकन उठली. तोंडाशी आलं होतं तिच्या सगळं, ते कडं, तो ढीग, ती लहानग्यांची हाडं. केतासोने तिच्याकडे पाहिलं. ती हाडं तुम्ही पाहिली नाहीत, हे बापाचं बोलणं आठवून ती थांबली. पोरं झाडांमधून पांगत गेली. मग वापानो कढईपाशी जाऊन बसली आणि रस करपू नये म्हणून ढवळत राहिली.