जागणारी बाहुली

गल्लीत तिला सगळे बाहुलीवाली आत्या म्हणत. सख्खी आत्या ती एकाच मुलीची, धाकट्या भावाच्या मुंगीची. पण एकदा नाव पडलं की ते अंगाला चिकटतं, त्याला कोण काय करणार! कापडाच्या बाहुल्या शिवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. दुकानात नुसत्या डोळ्यांनी कापड बघणाऱ्या बायकांचं तिला हसू यायचं. ती कापड आधी गालाला लावायची, मग दोन्ही हातांत धरून आडवं ताणायची, मग मुठीत चुरगळून सोडायची. हळूहळू आपलं आपण उलगडलं तर ते बाहुलीचं कापड. गोळा होऊन पडून राहिलं तर पायपुसण्याचं.

त्या दुपारी ती घरातून निघाली तीही कापड आणायलाच. पण रोजच्यासारखी नाही.

मुंगी दुखण्यातून उठली होती. म्हणजे डॉक्टर तरी तसं म्हणत होते. ताप उतरला, इस्पितळातून पोरीला घरी आणलं, घरच्यांना वाटलं सुटलो. पण मुंगी झोपेना. डोळे जड व्हायचे, मान कलायची, आणि कुणीतरी दंडाला धरून ओढावं तशी ती दचकून ताठ बसायची. जेवण तुटलं. हात बर्फासारखे गार पडले. घडीभर एका जागी ठरत नाही म्हणून जिचं नाव मुंगी पडलं, ती खिडकीशी मुकाट बसून राहायला लागली. डॉक्टर म्हणाले, "औषधानं किती दिवस झोपवणार? आत काहीतरी सलतंय. ते तिनंच सांगायला हवं."

सांगितलं तिनं. आईला नाही, बापाला नाही, आत्याला. अगदी कानाशी.

"आत्या, इस्पितळात शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती ना… ती म्हणाली, मला झोप आलीय. आणि झोपली. सकाळी मी तिला उठवायला हात धरला… तर गार."

आत्यानं तिचे गार हात आपल्या मुठीत धरले.

"मला एक बाहुली दे. माझ्याऐवजी जागी राहील अशी. मग मी झोपेन." जरा थांबून मुंगी म्हणाली, "पण गार नको. तुझ्या सगळ्या बाहुल्या गार असतात."

आत्याच्या बाहुल्यांना आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. घरी येऊन तिनं फळीवरची एकेक बाहुली काढून गालाला लावली. पोरगी खोटं बोलत नव्हती.

म्हणून ती निघाली. कापडबाजारात पहिल्या दुकानात फलालीन पाहिलं. मऊ होतं, पण ऊब आपल्याच तळव्याची. हात काढला की गेली. दुसरीकडे मखमल दाखवली. देखणी, पण परकी, पाहुण्यांसमोर घालायच्या कपड्यासारखी. लोकरीचं कापड गालाला टोचलं. आत्या ठाण उलगडायला लावी, गाल टेकवी आणि मान हलवी. शेवटी एका दुकानदारानं हात जोडले.

"बाई, ऊबदार म्हणजे किती ऊबदार? कापड आहे हे, कोंबडी नाही!"

मग त्यालाच तिची दया आली असावी. "पलीकडच्या बोळात तुकडेवाला बसतो. गिरण्यांचे उरलेले तुकडे असतात त्याच्याकडे. तिथं बघा एकदा."

तुकडेवाल्याचं दुकान टेबलाच्या खणासारखं होतं, अरुंद आणि लांबच लांब. दारातच तो स्टूल टाकून बसला होता. पोट एवढं सुटलेलं, की गिऱ्हाइकाला आडवं होऊन आत शिरावं लागे. "मागच्या खोलीत बघा," तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला. "हवं तेवढं उपसा. फक्त ढीग अंगावर घेऊ नका."

मागच्या खोलीला खिडकी नव्हती. एक मिणमिणता दिवा, आणि छतापर्यंत कापडच कापड. खळीचा वास, निळीचा वास, बंद कपाटाचा वास… आणि त्या सगळ्याखाली आणखी एक, अगदी पुसट. झोपलेल्या मुलाच्या केसांना येतो तसा. आत्या वाकून तुकडे चाळू लागली. पॉपलीन, मलमल, बनियनचं कापड. गालाला लाव, ताण, बाजूला टाक.

दिवा गेला.

बाहेर बाजार होता, हातगाड्या होत्या, भरदुपार होती. पण दिव्याबरोबर आवाजही गेले. कानात कापूस कोंबावा तसं झालं. आत्या जागच्या जागी उभी राहिली. अंधाराला डोळे सरावतील म्हणून वाट पाहिली. ते सरावले नाहीत.

"कुणासाठी…?"

आवाज बाईचा होता. उजव्या खांद्याशी, अगदी जवळून.

तुकडेवाल्याची बायको असेल, आत्याला वाटलं. "भाचीसाठी. बाहुली करायचीय."

"लहान आहे?"

"लहानच… आजारी होती."

अंधारात कापड चाळल्याची सळसळ सुरू झाली. सावकाश, सराईत हातांची. मधूनच कापड कातडीवर घासल्याचा बारीक आवाज. आत्यानं तो ओळखला. कुणीतरी कापड गालाला लावून बघत होतं.

"झोपत नाही," बाई म्हणाली. विचारलं नव्हतं तिनं. सांगितलं होतं.

आत्याच्या हातातला तुकडा गळून पडला. "तुम्हाला कसं…"

"हे घे."

हातात कापड आलं. ऊबदार. आत्ताच कुणीतरी उठून गेलेल्या अंथरुणासारखं. पण ते देताना जी बोटं क्षणभर लागली… ती विहिरीच्या तळच्या पाण्यासारखी होती.

"नवा कापूस भरू नकोस. ज्यावर लेकरू निर्धास्त झोपलंय, तोच भर… आणि डोळे मोठे काढ. नीट उघडे."

"तुम्ही… कोण?"

लांबवर कुणीतरी सुस्कारा सोडल्यासारखं झालं आणि दिवा लागला. आत्यानं उजवीकडे पाहिलं. तिथं माणूस उभं राहायला जागाच नव्हती. खांद्याला लागून भिंत होती.

ती बाहेर कशी आली तिचं तिला कळलं नाही. तुकडेवाला अजून पेपर वाचत होता.

"लाईट गेले होते ना?" तिनं विचारलं.

"माझे तर नाही गेले."

"आत… तुमच्या घरातल्या बाईंनी हे काढून दिलं."

"घरातल्या बाई?" तो खो खो हसला. "मी सडाफटिंग माणूस! आणि आत कुणी जायचं तर माझ्या पोटाला वळसा घालूनच जायला हवं." बोलता बोलता त्याची नजर तिच्या हाताकडे गेली आणि हसू विझलं. त्यानं तुकड्याजवळ बोट नेलं, आणि न टेकवताच मागे घेतलं.

"घेऊन जा. पैसे नकोत. हा माझा माल नाही."

"मग कुणाचा?"

"ते विचारायची माझ्या बापाचीही छाती झाली नाही." मग हलक्या आवाजात म्हणाला, "पण एक सांगतो, बाई. असं कापड नेलेलं माणूस अजून कुणी रडत परत आलेलं नाही."

वाटेत दोनदा आत्यानं तो तुकडा टाकून द्यायला हात उचलला. नको ती बला आजारी पोरीच्या उशाशी कशाला न्यायची? पण दर वेळी तिला मुंगीचे गार हात आठवले. ती सरळ भावाच्या घरी गेली.

भावजय स्वयंपाकघरात उभी होती. गॅसवर दूध उतू जात होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती. आत्यानं गॅस बंद केला.

"मुंगीची तान्हेपणाची गादी आहे का गं अजून?"

"आहे माळ्यावर. का हो, ताई?"

"फाडायचीय."

आत्यानं जे झालं ते सगळं सांगितलं. भावजयीनं तुकडा हातात घेतला आणि तिचा चेहरा उतरला. "ताई, हे… जिवंत असल्यासारखं लागतंय हो. मला भीती वाटते."

"मलाही वाटते."

"मग?"

"मग काय! पोरीचे डोळे बघ एकदा. त्याच्यापेक्षा जास्त भीती वाटते का, ते सांग."

भावजय स्टूल घेऊन माळ्यावर चढली. लहानशी गादी छातीशी धरून उतरली आणि शिवण तिनं स्वतः उसवली. दोघी कापूस पिंजत बसल्या. "ह्याच्यावर कशी झोपायची, आठवतं?" भावजय म्हणाली. "हात वर टाकून. पेंढ्याच्या पोत्यासारखी." आणि पुष्कळ दिवसांनी ती हसली, हसता हसता रडली.

आत्यानं कापड बेतलं. ताण आडवा ठेवला, म्हणजे अंग गुबगुबीत भरतं. केसांना काळी लोकर घेतली. बटणांचे डोळे ती लहान मुलांना कधीच लावत नसे. काळ्या दोऱ्यानं भरून काढले, मोठे, टक्क उघडे. छातीच्या शिवणीला सुई टोचताना तिच्या तोंडून आपोआप गेलं, "सोस गं बाई थोडं."

मुंगीनं बाहुली घेतली. गालाला लावली, अगदी आत्यासारखी. बराच वेळ तिच्या डोळ्यांत बघत राहिली.

"जागी आहे ही," ती म्हणाली. आणि कुशीवर वळून झोपली.

झोपली, ती झोपलीच. संध्याकाळ झाली, दिवे लागले. भावजय पायाशी बसून तिचा तळवा दोन्ही हातांत धरून होती. गार तर पडत नाही ना… भाऊ सारखा दारातून डोकावत होता. एकदा तो दबक्या आवाजात म्हणाला, "बाहुलीचं तोंड मुंगीकडे होतं ना मघाशी?" तोंड आता दाराकडे होतं. पण भावजयीच्या हातातला तळवा हळूहळू ऊन होत गेला.

सकाळी मुंगी उठली आणि म्हणाली, "भूक लागलीय."

त्यानंतर ती रोज झोपू लागली. गालांवर मांस चढलं, शाळा सुरू झाली, आणि पुन्हा घरभर तिची पळापळ सुरू झाली. "अगं, जरा बस!" असं भावजय ओरडायची तेव्हा तिच्या आवाजात लोणी विरघळायचं.

पुढे थंडी सरता सरता एका दुपारी मुंगी बाहुली घेऊन आत्याकडे आली.

"आत्या, हिला आता झोपव. फार दमलीय. मला येतं माझं मला झोपायला."

आत्यानं बाहुली उजेडात धरली. डोळ्यांखालचं कापड सावळं पडलं होतं, जागरण झालेल्या माणसाचं पडतं तसं. ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं. गेलं नाही.

मुंगी खेळायला पळाली. आत्यानं दोऱ्याचे डोळे हलक्या हातानं उसवले आणि त्या जागी मिटलेल्या पापण्या घातल्या. शेवटची गाठ मारली. आता गार पडली तर… तिनं बाहुली गालाला लावली. ऊब होती. तेवढीच. उलट जास्त संथ, जास्त खोल.

तिनं स्वतःच्या खाटेवर, मधोमध, बाहुलीला उताणं निजवलं आणि छातीपर्यंत गोधडी घातली. तेवढ्यात दारात कुणीतरी फळीवरची बाहुली विकत घ्यायला आलं म्हणून ती उठली.

परत आली तेव्हा बाहुली मधोमध नव्हती. ती कुशीवर वळून भिंतीशी सरकली होती. शेजारी कुणाला तरी जागा करून द्यावी, तशी.

आत्या थोडा वेळ दारातच थांबली. मग खाटेपाशी गेली. गोधडी उचलली, आणि त्या रिकाम्या जागेवरही नीट पसरून घातली.

तिथं गोधडी सपाट बसली नाही.