पाचवा डबा गप्प झाला

मसाई पठारावर आमचे प्रशिक्षक बाळासोकाकांनी लपवलेले पाच ट्रान्समीटर रेडिओच्या आवाजावरून हुडकायचे, दुसऱ्याच्या आधी परत यायचं आणि या खेळाच्या राज्य संघातली एकुलती जागा पटकवायची, म्हणून मी हुपरीहून पहिली एसटी धरली. शेवटच्या फेरीत उरलो होतो दोघंच: मी आणि राजवर्धन.

ट्रान्समीटरचे डबे मीच बनवलेले. चांदीच्या पैंजणांचे सांधे जोडायला डाग देता देता माझा हात बसलेला. त्याच हाताने प्रत्येकात मायक्रोकंट्रोलरची चिप जोडली. पाळीपाळीने एकेकाने मिनिटभर टिटटिट करायचं आणि गप्प बसायचं. प्रोग्रॅम लिहायला राजवर्धन होता. दोन महिने माझ्याच जेवणाच्या डब्यातलं जेवला म्हणा ना!

चार डबे सापडले, कार्डावर त्यांचे चार शिक्के उमटले. राजवर्धन थोडा पुढे होता. तेवढ्यात धुकं उतरलं, स्वतःचा हात दिसेना! अँटेना फिरवत मी पाचव्याच्या आवाजामागे निघाले. आवाज वाढत होता. आता शंभर पावलं!

पाचव्याची पाळी पुन्हा आली. आवाज नाही. त्याच्या पुढचीही आली. नाहीच!

बॅटरी संपली? छे! दहा तास चालवून बघितली होती. डबा थांबवायचा मार्ग एकच, बटण पाच सेकंद दाबून धरायचं. चाचणीपुरती ठेवलेली ती सोय प्रोग्रॅममधून काढून टाकायची राहिली होती आणि ती आम्हा दोघांनाच ठाऊक होती. ज्याला भाऊ मानलं त्यानेच केसाने गळा कापला!

संतापून तशीच अंदाजाने पुढे पाऊल टाकलं. दगड सुटला. गडगडत गेला. किती तरी वेळाने खाली आपटला. कडा! करवंदीची जाळी धरून मी पालथी पडले. काटे रुतले, पण जाळी सोडली नाही.

सरपटत मागे आले आणि पाचव्याचा नाद सोडला. फेरी जिथे संपते त्या काकांच्या तंबूवर वाट दाखवायला एक वेगळा ट्रान्समीटर अखंड वाजत असतो. रिसीव्हर त्यावर लावला आणि चालत राहिले.

तंबूत राजवर्धन चहा पीत होता. कार्डावर पाचही शिक्के!

"बटण का दाबलंस रं?"

तो कपात बघत राहिला. "पळण्यात तू मला हार जात न्हाईस. वाटंतच गाठलं असतंस."

"फुडं कडा हुता. पाय सुटला माझा."

त्याचा चेहरा उतरला. "कड्याचं ठाऊक न्हवतं, तहरीम. आईशप्पत!"

"मी कुठं हाय, ते तरी ठाऊक हुतं का?"

काकांनी त्याचं कार्ड ओढून घेतलं. "ही फेरी रद्द. रविवारी परत घ्यायची."

मला रडू फुटलं होतं, तरी म्हणाले, "घ्या की, काका. पर प्रोग्रॅम मी एकटीच लिवणार."