काठी कोणत्या हातात

"अहो, त्या हातात नाही... काठी या हातात द्या!"

माझ्याच क्लिनिकमध्ये येऊन मलाच शिकवणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. उंच, ओल्या केसांचा, एका हातात निथळणारी छत्री आणि दुसऱ्या हातात मोबाइल. त्याच्या वडिलांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मी काठी त्यांच्या डाव्या हातात देत होते.

"फिजिओथेरपिस्ट कोण? तुम्ही की मी?"

"तुम्हीच. पण विकीवर स्पष्ट लिहिलंय, ज्या पायाचं ऑपरेशन, त्याच बाजूला काठी."

विकी! घरी पेशंटकडून व्यायाम करून घेणाऱ्यांसाठी असलेला हा विकी. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं, आणि तेही कितीतरी भाषांत. त्यातली आपल्या भाषेतली जवळजवळ सगळी पानं मीच लिहिली होती, दुपारी डबा खाता खाता.

"आपल्या भाषेतल्या पानावर तसं नाही," मी म्हणाले.

"ते जुनं झालंय. मूळ पान बदललं, आपलं तसंच राहिलं. मीच पिवळी पट्टी लावलीय त्याच्यावर."

"म्हणजे तुम्ही... चिमटा?"

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आणि तुम्ही — पायरी?"

ही आमची विकीवरची टोपणनावं. निरनिराळ्या भाषांतली पानं एकमेकांना जोडायची आणि ज्यावरून भाषांतर होतं ते मूळ पान बदललं की मागे राहिलेल्यांवर 'हे पान जुनं आहे' अशी पिवळी पट्टी लावायची, हे त्याचं काम. वर्षभर आम्ही चर्चापानावर कचाकचा भांडत होतो. मला वाटायचं, कुणीतरी खडूस म्हातारा असणार. खडूस होताच, पण म्हातारा नव्हता. डोळे तर... जाऊ दे.

त्याचे बाबा काठी धरून आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. "तुमचं मिटेपर्यंत मी उभा राहू की बसू?" त्यांनी विचारलं.

निघताना त्याने वाईट बातमी दिली. महिनाअखेरीला संपादक मंडळाची बैठक होती आणि ज्या भाषेत एक जरी पट्टी असेल, ती भाषा विकीवरून काढायचं घाटत होतं. जुनी माहिती देण्यापेक्षा न दिलेली बरी, असं मंडळाचं म्हणणं. परक्या भाषेतलं पान समोर धरून माझ्या पेशंटच्या मुलीने आपल्या आईला पलंगावरून उठवायचं कसं?

"पट्ट्या काढा," मी म्हणाले.

"पानं बदला, लगेच काढतो."

"बघाच. एकही पट्टी शिल्लक ठेवणार नाही मी."

"मी मदत करू? म्हणजे... बाबांना आणायचंच असतं ना."

माझी आई म्हणते, हिने एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ही हलायची नाही. मी कामाला लागले. दुपारी क्लिनिक रिकामं असायचं. मी वाक्य लिहायचे, तो मूळ पानाशी ताडून बघायचा आणि काका, म्हणजे त्याचे बाबा, पलंगावर पडून लिहिलंय तेवढंच करायचे, तसूभरही जास्त नाही. एकदा मी 'गुडघा वाकवा' लिहिलं आणि 'सरळ करा' लिहायला विसरले. काका गुडघा वाकवून बसले ते बसलेच.

"काका, सरळ करा की!"

"लिहिलेलं नाही," काका म्हणाले. मी मुकाट्याने वाक्य पुरं केलं.

"तुमच्या वाक्यांना श्वास घ्यायला जागाच नसते," तो म्हणायचा.

"आणि तुम्ही बोलता तेव्हा नुसता श्वासच ऐकू येतो."

तो हसायचा. हसताना मान खाली घालायची त्याची खोड होती. एका दुपारी मी त्याला काकांची टाच कशी उचलायची ते दाखवत होते. "अशी... तळव्यात धरायची," मी म्हटलं आणि माझा तळवा त्याच्या तळव्याखाली ठेवला. हात बाजूला घ्यायला दोघांनीही जरा उशीरच केला. काका छताकडे बघत होते. छतावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

पट्ट्या एकेक करत निघाल्या. शेवटी एकच पान उरलं, काठीचं.

"हे मी बदलणार नाही," मी सांगून टाकलं.

"नाही बदललं तर भाषा जाईल."

"बदललं तर कुणीतरी पडेल."

मी काकांना उठवलं. आधी काठी उजव्या हातात दिली, ऑपरेशनच्याच बाजूला. दोन पावलांत त्यांचा चेहरा पिळवटला, सगळा भार दुखऱ्या गुडघ्यावर येत होता. मग मी काठी डाव्या हातात दिली आणि काठी व उजवा पाय बरोबर पुढे टाकायला सांगितलं. काका दारापर्यंत गेले, वळले आणि म्हणाले, "अजून एक फेरी मारू का?"

त्याने मोबाइलवर मूळ पानाचा इतिहास उघडला. मूळ पान नीटनेटकं करताना कुणीतरी बाजू उलटी लिहिली होती आणि बाकीच्या सगळ्या भाषा त्या पानामागे मेंढरांसारख्या गेल्या होत्या.

"मग मूळ पानच दुरुस्त करा," मी म्हणाले.

"त्याला कुलूप आहे, मूळ पानं फक्त मंडळच बदलू शकतं. माझ्याकडे चावी आहे, पण ती फक्त पानं जोडण्यापुरती. भाषा जोडणाऱ्याने मूळ पानावर काही लिहायचं नाही, असा नियम आहे."

"कुणी केला असला नियम?"

"...मी."

मी कपाळावर हात मारला. "मग मोडा!"

त्याने छत्री उचलली, काकांना हात दिला आणि गेला. मला इतका राग आला की खिडकीही धाडकन लावली. रागावण्याइतका तो माझा कधी झाला, हे मात्र मला त्याच वेळी कळलं आणि राग आणखी वाढला.

पण हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली मी नाही. मंडळाच्या भाषेत, जी मला मोडकीतोडकीच येते, मी स्वतःच त्यांना लिहिलं. व्याकरण चुकलं असेल तर असू दे, पाय तर चुकत नव्हता. उत्तर आलं नाही. बैठक तोंडावर आली, तरी नाही.

मग एका सकाळी मी विकी उघडला. मूळ पानाच्या माथ्यावर पिवळी पट्टी! 'हे पान चुकीचं आहे. बरोबर माहितीसाठी या भाषेतलं पान पाहा.' पुढे आपल्या भाषेचा दुवा आणि खाली सही — चिमटा. समोर पहिला पेशंट बसला होता आणि मी त्याच्यादेखत रडत होते.

मंडळ भडकलं. त्याची चावी तिथल्या तिथे काढून घेतली. पण एवढा गवगवा झाल्यावर तपासणं भागच होतं. मंडळावरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मूळ पान निमूटपणे दुरुस्त केलं. खरी गंमत पुढेच झाली. मूळ पान बदललं म्हटल्यावर चिमट्याच्या जागी आलेल्या नव्या जोडणाऱ्याने इमानेइतबारे आपल्या पानावरची पट्टी काढली आणि बाकीच्या सगळ्या भाषांवर पट्ट्या लावून टाकल्या. बैठकीच्या दिवशी मूळ भाषा सोडली तर पट्टी नसलेली भाषा एकच होती, आपली. ठरल्याप्रमाणे वागायचं तर बाकी सगळ्या भाषा काढाव्या लागल्या असत्या. मंडळाने तो विषयच गुंडाळला.

त्याच संध्याकाळी तो आला. एकटाच.

"काका कुठेत?"

"बाबा आता काठीशिवाय चालतात. त्यांना यायची गरज नाही."

"मग तुम्हाला कुठे दुखतंय?"

"दुखत नाही काही..." तो छत्रीची मूठ फिरवत राहिला. "बाबा म्हणत होते की—"

"काका काय म्हणतात ते मी काकांना विचारीन. तुम्ही काय म्हणता?"

त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बाहेर पागोळ्या गळत होत्या. याच्या बोलण्याची वाट बघत बसले असते तर पावसाळा सरला असता.

"बरं, मीच सांगते," मी म्हणाले. "तुम्ही मला आवडता. खडूसपणासकट. आणि मी जन्मभराचा विचार करून बोलतेय, उगाच नाही."

"यावर... आधी चर्चापानावर—"

"यावर चर्चा नाही."

तो मान खाली घालून हसला. मग मान वर केली आणि या वेळी थेट माझ्याकडे बघितलं. "ती पट्टी लावताना मी दोनदा विचार केला नाही. तुम्हाला हे सांगायला मात्र आठ दिवस रस्त्यावरूनच परत जातोय. मलाही तुम्ही आवडता... फार."

माझं धीट मन त्या 'फार'ने पार विरघळलं. मी दिवे मालवायला लागले.

"चला, घरापर्यंत येतो," तो म्हणाला.

"चला नाही. चल म्हण."

तो अडखळला. दारातच थांबला, छत्री उघडली आणि माझ्या डोक्यावर धरली.

"चल," तो म्हणाला.