पाइपातलं मीठ

इंग्लंडातल्या स्लाऊच्या मसालेवाल्या अजयला कोणी विचारलं, बायकोचं, नीनाचं नाक परत कसं आलं, की तो आधी चहा मागवतो. चहा येईपर्यंत दुसऱ्याच कुणाच्या दोन गमती सांगून होतात. मग आवाज जरा खाली येतो.

शाळा त्यानं अर्ध्यातच सोडली होती. इंग्रजी गिऱ्हाइकांकडून शिकला आणि मसाला बायकोकडून. कारखान्यांच्या ट्रेडिंग इस्टेटमागच्या छोट्या युनिटमध्ये दोघांनी गोडा मसाला करायला घेतला, तेव्हा वाटणीच अशी होती की जीभ अजयची, नाक नीनाचं. धने कधी उतरवायचे, दगडफूल कुठवर भाजायचं, हे ती कढईकडे पाठ करूनही सांगायची. कोविडनं तेच नेमकं नेलं. ताप गेला, वास काही परत आला नाही. नीना घड्याळ लावून भाजायला लागली. स्टॅनमोरच्या जुन्या गिऱ्हाईक बायका फोनवर गोड बोलायच्या, “मसाला छानच आहे हो, पण पूर्वीसारखा...” आणि तिथेच थांबायच्या. युनिट विकून टाकू, एवढंच नीना एकदा जेवताना म्हणाली, तेही ताटाकडे बघत.

घरातलं हे मळभ लेकीला बघवेना. मायरा ब्रॅकनेलला आयटीत होती. तिच्या गल्लीतल्या एक वयस्क बाई वारलेल्या वडिलांचं सामान काढून टाकत होत्या, त्यातून तिनं एक तंबाखूचा पाइप उचलून आणला. “बाबा, हा पाइप खूप जुना आहे. तू रिस्टोअर कर. तुला हॉबी पाहिजे.”

पाइपची दशा झाली होती. तोंडात धरायची नळी हिरवट-तपकिरी पडलेली, तिच्यावर दातांचे वण. लाकडी वाटीत आतून जळका थर इतका जाड, की करंगळी जाईना. अजय व्हिडिओ बघून कामाला लागला आणि पहिल्याच दिवशी जाडा पॉलिश पेपर फिरवून बनवणाऱ्याचं कोरलेलं नाव निम्मं उडवून बसला. पुढे हात बसला. थर खरवडला, नळी काळीभोर केली. पण वाटीतला वास हटेना. गोडसर, मनुका मुरल्यासारखा, आणि त्याच्यामागे ओल्या लोकरीचा.

व्हिडिओतला गोरा गृहस्थ या वासाला ‘घोस्ट’ म्हणत होता. आधीच्या माणसाचा तंबाखू लाकडात मुरतो, तो घोस्ट. उपाय सोपा. वाटीत मीठ भरायचं, वर स्पिरिट सोडायचं, दिवसभर ठेवायचं. मीठ सगळं ओढून घेतं. अजयला हसू आलं. आपल्याकडे दृष्ट काढायलाही मूठभर मीठच लागतं.

दुसऱ्या दिवशी, डिसेंबरात चारलाच अंधारतं त्या वेळी, त्यानं मीठ काढलं. पांढरं मीठ तपकिरी झालं होतं. मायराला फोटो पाठवायचा म्हणून ते एका वाटीत काढलं, ओट्यावर ठेवलं आणि पाइप धुवायला तो वर गेला.

खाली आला तेव्हा नीनाच्या हातात ताकाचा पेला होता, अर्धा रिकामा.

“काय घातलंस यात?”

“पादेलोण. त्या वाटीतलं.”

स्पिरिटचा वास, तंबाखूचा वास, दुसऱ्या कुणीही वाटी लांब सारली असती. अजयनं पेला हिसकावला आणि हेल्पलाइनला फोन लावला. पाणी पाजा, लक्ष ठेवा, असं फोनवरच्या बाई सांगत होत्या. तेवढ्यात नीनानं हात वर केला.

“थांब... कुणीतरी पाइप ओढतंय.”

“इथे कोण ओढणार?”

“मला वास येतोय, अजय.”

त्यानं पाइप नाकाशी नेला. नुसतं लाकूड. घरात बॉयलरची घरघर सोडली तर आवाज नव्हता. नीना चेहरा उचलून चालू लागली, सावकाश, दिवा न लावता. पॅसेज, जिन्याची पायरी, पुढची खोली. खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीपाशी थांबली.

“इथे... इथे बसलाय.”

अजयच्या अंगावर काटा आला. पण तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती. जो कोण असेल त्याला जा म्हणायला त्याची जीभ रेटेना.

दुसऱ्या दिवशी तिनं युनिटमध्ये कढई चढवली. घड्याळ उलटं ठेवलं. “आता उतरव,” म्हणाली, आणि पहिल्या चिमटीतच अजयला कळलं, हा जुना मसाला. महिन्याभरात स्टॅनमोरच्या बायका वाक्यं पुरी करायला लागल्या.

अजय उपकार विसरणाऱ्यातला नव्हे. दोन पाकिटं घेऊन तो ब्रॅकनेलला त्या बाईंकडे गेला. पाइप छान साफ झाला, एवढंच बोलला, दुसरं काही नाही. बाईंनी पाकिटं दोन्ही हातांनी घेतली, हुंगली. वडील तंबाखूच्या दुकानात मिश्रणं करायचे, म्हणाल्या. डोळे मिटून, नुसत्या नाकावर.

“काम सुटल्यावर फार खचले होते,” त्या म्हणाल्या. “आता बरं वाटत असेल त्यांना.”

तेव्हापासून सकाळी युनिट उघडलं की मोकळ्या खोलीला अजय ‘थँक यू, सर’ म्हणतो. मनापासून म्हणतो.

मात्र गेल्या आठवड्यातलं तो चहा संपल्याशिवाय सांगत नाही. नीना स्टुलावर बसून, डोळे मिटून ताटातला मसाला हुंगत होती. अजय नेहमीसारखा मागून आला, तिच्या खांद्यावर वाकला. अनोळखी वास आल्यासारख्या तिच्या नाकपुड्या हलल्या. ती सावरून बसली, एप्रन नीट केला.

“कोण तुम्ही?” हळू आवाजात, अनोळखी माणसाशी बोलावं तसं तिनं विचारलं. “माफ करा... इथे काम चाललंय.”

“अगं, मी.”

डोळे उघडले आणि ती हसली. “तू होय. दचकवलंस मेल्या.” तोही हसला. तिनं पुन्हा डोळे मिटले.

अजय तिथेच उभा होता, तिच्या डाव्या हाताला. नीनानं स्टूल किंचित त्याच्याकडे ओढलं, उजवीकडे जागा केली आणि ताट त्या बाजूला सरकवलं.

“बघ ना,” ती त्या रिकाम्या जागेकडे वळून पुटपुटली. “जास्त भाजलं का रे?”

तिनं कान तिकडे केला. मग पटल्यासारखी तिनं मान हलवली.