सोळा सेंटिमीटर

२००४ सालचा मे महिना. कळमनुरी रस्त्यावरच्या आमच्या छोट्या कॅन्सर रुग्णालयात रविवारी पेशंट नसायचे, म्हणून त्या दुपारी मी शेक द्यायच्या मशीनचा किरण तपासायला एकटीच आले होते. काम नेहमीचं. पाण्याची टाकी किरणाखाली ठेवायची, दहा आणि वीस सेंटिमीटर खोल किती किरण पोचतो ते मोजायचं. त्यावरून किरणाची भेदण्याची ताकद कळते.

दोन्ही आकडे फार कमी आले. वायर बदलली, टाकी पुन्हा सरळ केली. तेच. सोमवारी बावीस पेशंट येणार होते, आणि अशा मशीनखाली मी त्यांना झोपवू शकत नव्हते.

शेवटी कॉम्प्युटरवर किरणाची नक्कल चालवली. वाटेत काय असलं तर असे आकडे येतील? दोन तासांनी उत्तर आलं. टाकीच्या वर आणखी सोळा सेंटिमीटर पाणी धरलं, की सगळं तंतोतंत जुळत होतं.

टाकीच्या वर तर नुसती हवा होती. आणि सोळा सेंटिमीटर... म्हणजे उताण्या पडलेल्या बारीक माणसाची जाडी.

आतल्या, मशीनच्या खोलीतलं ऐकू यावं म्हणून माझ्या टेबलावर स्पीकर असे. त्यातून खोकला आला. मग अगदी हलका आवाज.

"बाई... आजून किती येळ पडून राहू?"

कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरच्या रूपाबाईंचा आवाज. शुक्रवारी त्यांचा अठ्ठाविसावा शेक झाला होता.

मी धावत जाऊन दार उघडलं. आत कुणी नव्हतं. टाकीतलं पाणी तेवढं हलत होतं.

बाहेर व्हरांड्यात त्यांचा नवरा भावसिंग उभा होता.

"रूपा पहाटं गेली, बाई. तुमाला सांगाया आलो." त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं. "शेवटपर्यंत एकच म्हणून राहिली होती, माजे पाच शेक ऱ्हायले..."

मी नुसतं उघडं दार दाखवलं. तो माझ्याकडे पाहत राहिला, मग आत गेला.

"रूपा, चल घरी. झाले समदे शेक."

कुणाला तरी आधार दिल्यासारखा हात वाकवून तो फाटकापर्यंत गेला. आजारी माणसाच्या चालीनं, थांबत थांबत.

मी परत मोजलं. आकडे बरोबर होते.

पुढच्या रविवारी ते पुन्हा कमी आले. नक्कल म्हणाली, सात सेंटिमीटर. एवढी जाडी तान्ह्या लेकराची. त्या साली आमच्याकडे एकही लहान मूल उपचाराला आलेलं नव्हतं.

स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवला. बारीक, भरभर श्वास...

मी दारात जाऊन उभी राहिले. हाक मारायची होती. पण कोणत्या नावानं?